कोरडा ठेवलेला रस्ता

प्रिय टिटवे,

घाबरू नकोस, घरी सगळी ठणठणीत आहेत. शेळीसुद्धा. पत्र बघून नाही नाही ते मनात आलं असेल तुझ्या, म्हणून हे आधी. आता मी कुठे बसून लिहितेय ते ओळख बघू. जन्मात जमायचं नाही तुला! तुझ्या बाबाच्या पाण्याच्या टँकरमध्ये, वर, अगदी त्याच्या सीटवर. चढताना एकानं वरून ओढलं, दोघांनी खालून ढकललं, गुडघा अजून कुरकुरतोय, पण मन असं हलकं झालंय की काय सांगू. खाली तुमच्या ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर उभा आहे. तुझे कॅमेरे काढून न्यायला आला होता, त्याच्याच पेनानं लिहितेय. जोडाक्षर आलं की हात अडतो, तेवढं समजून घे. तो सारखा वर बघून म्हणतो, आजी, आटपा, मॅडम आज संध्याकाळी रिपोर्टावर सही करणार आहेत. मी म्हटलं, थांब रे, मी काय टाइपिस्ट आहे? तर सही करू नकोस, एवढं आधी वाच. बाकीचं माझ्या पद्धतीनं सांगते.

तुझ्या रिपोर्टात काय आहे ते त्यानंच सांगितलं. या टेकडीवरची जनावरं त्या टेकडीवर जातच नाहीत, मधल्या खाणीच्या डंपरच्या रस्त्यापाशी येऊन मागे फिरतात. म्हणजे मधला झुडपांचा पट्टा कंपनीनं खुशाल खणावा, कुणाची वाट अडत नाही. तुझा तरी काय इलाज म्हणा. कॅमेऱ्यांत हरणं रस्त्याअलीकडच्या नाल्यापर्यंत दिसतात आणि पुढे रस्त्यावर कंपनी कॅमेरा लावू देत नाही. म्हणून तर तू माझी पिठाची चाळणी पळवलीस. बारीक माती चाळून रस्त्यावर आडवे पट्टे पसरलेस, कुणी गेलं तर पाऊल उमटावं म्हणून. चाळणी परत आली ती भोकं बुजून, ते राहू दे. आणि रोज सकाळी जाऊन बघावं तर पट्ट्यांचा चिखल! बाबाचा टँकर पहाटेच पाणी मारून गेलेला.

ते जेवण मी विसरले नाही. तू विचारलंस, बाबा, तुम्हाला कंपनीनं सांगितलं ना हे करायला? तो आपला ताटाकडे बघत बसला. मग तू म्हणालीस, पगारासाठी लेकीचं काम धुऊन काढलंत, आणि भरल्या ताटावरून उठलीस. बॅग उचललीस ती उचललीसच. तेव्हापासून ना त्याचा फोन घेतेस ना माझा. तो तरी काही बोलेल? तुम्ही दोघं एका मातीची मडकी. आपटली तरी वाजायची नाहीत, सरळ फुटणार.

तुझ्यामागे इथे काय चाललंय ते तुला कुठून कळणार. दुकानात गेले की बायका पाठ फिरवतात. एक तर तोंडावर म्हणाली, तुमची नात हरणं मोजणार आणि आमचे नवरे घरी बसणार. मी म्हटलं, तुझा नवरा कामावर असतो तेव्हाही झोपलेलाच असतो, फरक काय पडणार तुला? हसल्या सगळ्या, पण मी रिकामीच पिशवी घेऊन घरी आले. खोटं कशाला सांगू, तिचंही काही चूक नाही. या खड्ड्यावर आपली चूल पण पेटते. तू शिकलीस ती त्यावरच. पण तो पट्टा गेला की दोन्हीकडची जनावरं कोंडली जातील, हे तूच मला अंगणात काडीनं रेघा ओढून समजावलं होतंस, ते काही डोक्यातून जात नाही. कंपनी म्हणते, आम्ही खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर झाडं लावलीत की. लावलीत, शाळेच्या पोरांसारखी ओळीत. आपली शेळी त्या पानाला तोंड लावत नाही, आणि ती तर माझी चप्पल खाते!

बरं, मुद्द्यावर येते, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. परवा बाबा सुपरवायझरकडे गेला होता. म्हणाला, पोरीचं मोजणं होईपर्यंत तेवढा तुकडा कोरडा ठेवू. सुपरवायझर आधी हसला. मग म्हणाला, असं आहे होय? मग तिथे रोज दोन फेऱ्या मार. म्हणजे बघ, तोपर्यंत त्याला पत्ताच नव्हता की पाण्यानं पावलं पुसली जातायत. आमच्या भोळ्यानं स्वतःच जाऊन सांगितलं! घरी येऊन भिंतीला टेकून बसला. काल संध्याकाळी मात्र डंपर थांबल्यावर गपचूप चाळणी घेऊन निघाला. तू जसे पसरले होतेस तसेच पट्टे पसरून आला, आणि आज पहाटे टँकर तिथवर नेऊन अलीकडेच थांबवला.

उजाडल्यावर धापा टाकत घरी आला, मला म्हणाला, आई, चल. तुझ्या आईला वाटलं, याला भोवळ आली. मी तशीच निघाले. आणि काय सांगू टिटवे! मातीवर हरणाचे खूर, असे नक्षी काढल्यासारखे. आणि त्यांच्या शेजारी पिल्लाचे, शेंगेच्या फोलपटाएवढे. पुढे साळिंदरानं काटे फरफटत नेलेल्या रेघा. तू लाल फीत बांधलीस ना, त्या काटेरी झुडपांतून बाहेर आलेत आणि पलीकडच्या झुडपांत शिरलेत. तिन्ही पट्ट्यांवर एकाच दिशेनं. मागे फिरलेलं एक पाऊल नाही. कंपनीच्या ओळीतल्या झाडांकडे तर कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. मी तिथेच टाळ्या वाजवल्या, बाबा म्हणाला, आई, हळू, माती उडेल.

आता ऐक, वेळ थोडा आहे. त्यानं टँकर रस्त्यात आडवा लावलाय आणि किल्ली माझ्या कमरेच्या पिशवीत आहे. पुढे डंपरांची रांग लागलीय. अर्धे ड्रायव्हर शिव्या घालतायत, त्यांची फेरी बुडते. एक जाड्या मात्र खाली उतरला, पट्ट्यापाशी उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, रस्ता ओलांडताना दिसतात हो आम्हाला वरून, पण विचारतो कोण. आणि जाऊन आपल्या डंपरचं इंजिन बंद केलं. सुपरवायझर मघाशी टँकरखाली येऊन किल्ली मागून गेला. मी म्हटलं, मला कमी ऐकू येतं. तो बाबाला म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. आणि दुसऱ्या खड्ड्यावरून दुसरा टँकर मागवलाय त्यानं. वारंही सुटलंय. जीपवाल्यानं फोटो काढलेत, पण तो म्हणतो, नुसत्या फोटोवर कुणी मानणार नाही, मॅडमनी स्वतः येऊन मोजलं तरच ते रिपोर्टात धरतील. म्हणून तो जीप घेऊन सुटतोय, आल्या पावली त्याच्याबरोबर नीघ. आम्ही पट्ट्यांवर घमेली पालथी घातलीत, जमतील तेवढी.

पण नुसत्या पावलांसाठी मी एवढं लिहिलं नसतं, ते तर जीपवाल्यानंही सांगितलं असतं. बाबानं मला बजावलंय, तिला फक्त ये म्हणावं, दुसरं काही बोलू नकोस. मी ऐकायची नाही. तू कामाला आलीस त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी दम लागून ओट्यावर बसली होतीस, छातीतून शिट्टी वाजत होती, आठवतं? तुला वाटलं कुणी पाहिलं नाही. त्यानं पाहिलं होतं. लहानपणी तुला तसं व्हायचं तेव्हा तो तुला खांद्यावर उभी धरून घरभर फिरायचा. दुसऱ्या दिवसापासून तो नेमून दिलेला रस्ता सोडून सगळ्यात आधी तुझ्या तुकड्यावर पाणी मारायला लागला, तू यायच्या आत धूळ बसावी म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. अंधारात तुझी चाळलेली माती आणि रस्त्याची माती एकच दिसायची. आणि जेवताना तू तसं विचारलंस, तेव्हा खरं सांगायची त्याला लाज वाटली. हे मला काल कळलं, तेही भांडून काढून घेतलं. तर ये. आधी पावलं मोज, तुझं काम आधी. मग तो टँकरच्या पलीकडे उभा आहे, त्याच्यापाशी जा. तो काही बोलायचा नाही, तूच बोल. आणि येताना तोंडाला ओलं फडकं घट्ट बांधून ये गं, आज इथे पाणी मारणारं कुणी नाही.

किल्ली न देणारी,
तुझीच आजी