आडसडा: रुग्ण शून्य

सोमवार, १७ नोव्हेंबर
आज जे घडलं ते असं:
१. तालुक्याची साप्ताहिक आरोग्य मीटिंग झाली. आडसडा गावात डेंग्यूचे नऊ रुग्ण. तालुक्यात सर्वाधिक.
२. तालुका आरोग्य अधिकारी, म्हणजे साहेब, सगळ्यांसमोर म्हणाले, "गौरजा मॅडम, साथरोगाचं शिक्षण तुम्ही पुण्यात घेतलंत ना?"
३. मी हो म्हटलं. ते खरं आहे.
४. माझं कंत्राट चार डिसेंबरला संपतं. नूतनीकरण आडसड्यावर अवलंबून आहे. साहेब तसं थेट बोलले नाहीत. ग्राफकडे बघून बोलले.
५. मी सांगितलं, कंत्राट संपायच्या आत आडसडा शून्य.
६. त्यानंतर चहा आला.

काहींना मी घाईत बोलले असं वाटलं असावं. मी घाईत बोलत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
प्लॅन तयार. शनिवारी संपूर्ण आडसड्यात कोरडा दिवस: प्रत्येक घरातली पिंपं, हंडे, टाक्या रिकाम्या करून घासायच्या. सोबत ताप सर्वेक्षण, धूरफवारणी, टेस्ट किट. रंगीत चार्ट केला. निळा रंग सुंदर आला आहे.

आडसड्याच्या आशा सेविका शेवंतीताई यांना चार्ट दाखवला. त्या म्हणाल्या, "मॅडम, शनवारी गावात कोण आसतला?" मी सांगितलं, सहकार्याची अडचण आधीच गृहीत धरायची नाही. त्यांनी चार्टची घडी घालून पिशवीत ठेवली. त्यांना पटलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर
त्यांना पटलं नव्हतं. शुक्रवारी गावपळण आहे.

म्हणजे असं: दर चार वर्षांनी देवळात कौल लावतात. देवाने हो म्हटलं की सगळा गाव, गुरं, कोंबड्या, कुत्रे घेऊन वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री घरं बंद. गावात त्या काळात देव आणि भुतं असतात, असा समज. मग पुन्हा कौल लावून घरी.

गावाचे मानकरी हरिश्चंद्र गावकर यांना भेटले. पळण पंधरा दिवस पुढे ढकला, असं स्पष्ट सांगितलं. ते सुपारी कातरत म्हणाले, "ह्यो माझो निर्णय नाय, मॅडम. देवाक पत्र घाला." बाजूचे तिघे हसले. मी हसले नाही. जावक क्रमांक कोणता टाकायचा, एवढाच प्रश्न मनात आला.

गुरुवार, २० नोव्हेंबर
आज एक गोष्ट लक्षात आली. ती बाकी कोणाच्या लक्षात आली नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही.

गाव जाऊन राहणार कुठे? व्हाळापलीकडे (व्हाळ म्हणजे ओढा), पलतडच्या माळावर. व्हाळाच्या अलीकडे आमचा तालुका. पलतड शेजारच्या तालुक्यात.

रुग्णाची नोंद त्याच्या मुक्कामाच्या ठिकाणी करायची. नियमाचा असा अर्थ लागू शकतो. मी लावला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
गाव गेला. टेम्पो, हातगाड्या, डोक्यावर गाठोडी, म्हशी, कोंबड्यांची खुराडी. पाण्याची निळी पिंपंही नेली. झाकणं घरी राहिली.

शेवंतीताई थर्मामीटर घेऊन सगळ्यांच्या मागे. म्हणाल्या, "मॅडम, चार जणांक कालपासून कणकण आसा. किटां देशात काय?" किट आडसड्यासाठी मंजूर आहेत, व्हाळ ओलांडून देता येणार नाहीत, असं मी समजावलं. त्या म्हणाल्या, "माणसां तीच आसत मा?" तत्त्वाचा प्रश्न होता. तत्त्व मी पाळलं.

डासाच्या चावण्यापासून ताप येईपर्यंत साधारण चार ते सात दिवस लागतात. हे मला माहीत आहे. इथे फक्त नोंद.

शनिवार, २२ नोव्हेंबर
ठरल्याप्रमाणे सर्वेक्षण केलं. एकशे सेहेचाळीस घरं, एकशे सेहेचाळीस कुलपं. प्रत्येक दाराशी थांबले, हाक मारली, रकाना भरला. ताप: नाही. कोणीही वाद घातला नाही. कोरड्या दिवसालाही कोणाचा विरोध दिसला नाही. इतका शिस्तशीर गाव मी पाहिलेला नाही.

देवळाजवळ एक मांजर भेटलं. त्यालाही ताप नव्हता.

रिपोर्ट पाठवला: आडसडा, रुग्ण शून्य. साहेबांचा अंगठा आला. सोबत हसरा चेहरा. तो माझ्या अनुभवात पहिला.

रविवार, २३ नोव्हेंबर
पलतडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉ. क्रिस्टोफर यांचा फोन. डॉक्टर असून कामाच्या फोनवर मालवणी बोलतात. "बाय, तुमचो अख्खो गाव माझ्या ओपीडीत येवन बसलोहा." मी विचारलं, त्यांचा कालचा मुक्काम कुठे होता? ते म्हणाले, "व्हाळ ओलांडलो म्हणान ताप बदलता काय? तुमच्याच डासांनी चावलेले आसत ते." मी म्हटलं, लेखी कळवा. ते म्हणाले, त्यांच्याकडची किट संपली आहेत, माझी तरी पाठवा. मी म्हटलं, त्याचाही लेखी प्रस्ताव द्या. मग ते नुसतेच हसले. हसणं चांगलं आहे त्यांचं. हा मुद्दा इथे गैरलागू.

सोमवार, २४ नोव्हेंबर
मीटिंग. माझा ग्राफ पडद्यावर. रेषा नऊवरून सरळ जमिनीला. साहेब म्हणाले, "याला म्हणतात नियोजन." शेजारच्या तालुक्याचा आकडा एकदम वाढल्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. मीही केला.

आडसड्याला गरज उरली नाही, म्हणून किट आणि फवारणीचं मशीन दुसऱ्या गावाला दिलं. सही माझी.

संध्याकाळी शेवंतीताईंचा मेसेज: "ताप, डोळे दुखतत, अंग मोडता." मी लिहिलं, कोणाला ते लिहा, अर्धवट माहिती चालत नाही. पंधरा मिनिटांनी उत्तर: "माका."

पलतडच्या यादीत नाव द्या, भरपूर पाणी प्या, असं कळवलं. उत्तरात "बरा" आलं. पूर्वी त्या फार लांब लिहायच्या. सुधारणा आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
गाव कालच परत यायचा होता. परतीचा कौल लागला नाही. देवाने मुक्काम दोन दिवस वाढवला, असा हरिश्चंद्र गावकरांचा निरोप. मी हरकत घेतली नाही. या बाबतीत देवाचं आणि माझं नियोजन जुळतं आहे.

शून्याचा चौथा दिवस.

शेवंतीताईंना दैनंदिन अहवाल मागितला. दोन निळ्या टिका, उत्तर नाही. शिस्तीबद्दल आठवण करून देणारा मेसेज पाठवला. निळ्या टिका आल्या नाहीत.

बुधवार, २६ नोव्हेंबर, संध्याकाळ
गाव परत आला. मी वेशीवर उभी होते. हरिश्चंद्र गावकर सगळ्यांत पुढे. माझ्याजवळ थांबले. "काय मॅडम, भुतांका ताप इलो नाय मा?" मागची बायामाणसं हसली, पण पोटभर नाही. त्यातल्या बऱ्याच जणी शाल पांघरून होत्या.

शेवंतीताई कुठे, असं विचारलं. गावकरांचं हसू गेलं. "ती तुमच्या यादीत नाय, आणि डॉक्टराच्या यादीतसून आज आमी उठलो. ती खंय, ता तुमी सांगा."

मी यादी पाहिली. त्या यादीत नव्हत्या.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
आडसडा: एकतीस तापाचे रुग्ण, एका दिवसात. शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, एकतीस. साहेबांनी फोन करून विचारलं, टायपिंगची चूक आहे का. मी म्हटलं, तपासते. तपासायला किट नाहीत. किट मागवली, तर ज्या गावाला दिली तिथून निरोप आला: लेखी कळवा.

बंद घरांत पाणी भरून ठेवलेले हंडे पाच दिवस तसेच होते. आता त्यांच्यात अळ्या आहेत. मोजल्या नाहीत. पहिल्या घरापाशीच थांबले.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
क्रिस्टोफर यांचा फोन. या वेळी मालवणीत नाही. शेवंतीताई ग्रामीण रुग्णालयात आहेत. मंगळवारपासून हिरड्यांतून रक्त येत होतं. रुग्णवाहिकेला फोन केला, तेव्हा आधी विचारलं गेलं, पेशंट कोणत्या तालुक्याचा. पलतडने सांगितलं आडसडा. आडसड्यात रुग्ण शून्य होते. शेवटी दिरासोबत त्या मासळीच्या टेम्पोतून आल्या.

मी गेले. कॉटजवळ स्टूल होतं. बसायचं ठरवलं नव्हतं, बसले. प्लेटलेट बावीस हजार. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मॅडम, मी आता खंयच्या लिस्टात?"

मी यादी उघडली. नियमाचा तिसरा एखादा अर्थ असेल, असं क्षणभर वाटलं. त्या म्हणाल्या, "नसंल तर ऱ्हांवदे. तुमचो शून्य बिघडतलो." टोमणा होता की काळजी, ते मला ओळखता आलं नाही.

रात्री त्यांना गोव्याला हलवलं.

रविवार, ३० नोव्हेंबर
क्रिस्टोफर म्हणाले, "वाढतत हळूहळू." प्लेटलेट. आकडा विचारला नाही.

सोमवार, १ डिसेंबर
मीटिंगला ग्राफ नेला नाही. त्याऐवजी साहेबांना पत्र दिलं. त्याची प्रत इथे:

"महोदय, २२ ते २६ नोव्हेंबर या काळातील आडसडा गावाचा 'रुग्ण शून्य' हा माझा अहवाल मी मागे घेत आहे. त्या दिवसांत गावात माणसं नव्हती, हे मला माहीत होतं. पलतडच्या माळावर आजारी पडलेले सर्व जण आडसड्याचे आहेत. त्यांची नोंद आडसड्यात करावी. पहिलं नाव आशा शेवंती यांचं लिहावं, आणि त्या कामावर असताना आजारी पडल्या, असंही लिहावं. किट आणि फवारणीचं मशीन आडसड्याला परत द्यावं. किट व्हाळापलीकडेही वापरण्याची परवानगी असावी.

आपलं उत्तर गुरुवार, ४ डिसेंबरपर्यंत मिळावं, ही विनंती. शुक्रवारपासून माझी सही चालणार नाही."