ओसरीवरची हजेरी

ठाकुर्ली (पूर्व),
शनिवार

श्रीयुत धोंडीबा यांस भाऊचा नमस्कार.

(रागावलेल्या माणसाला एकेरीत लिहू नये, असं उत्तराचं म्हणणं पडलं, म्हणून पहिली ओळ अशी. पुढे जमणार नाही. बायकोचं ऐकायची माझी ताकद एका ओळीपुरतीच आहे, हे तुला ठाऊक आहे.) तुझी तब्येत कशी आहे? शेवंतीवहिनींचे गुडघे? आमच्याकडे उत्तराचं बीपी ठीक, सूनबाई कादंबरीची नोकरी ठीक, चिरंजीव संदेशचं पोट वाढतंय म्हणजे तेही ठीक. माझं तू विचारणार नाहीस, म्हणून लिहीत नाही.

ताजी बातमी आधी देतो. ओसरीच्या नव्या मालकाने काल जाहीर केलं की येत्या एक तारखेपासून जे लोक रोज तोच तो मजकूर लिहितात त्यांची खाती बंद होणार. कादंबरीने ते दोनदा वाचलं आणि खरं असल्याचं सांगितलं. म्हणजे आपण सगळे बंद. तुझं खातं तू आधीच बंद केलंस, तेव्हा या बाबतीत तू आमच्या पुढे आहेस.

आता तुला सगळं माहीत आहे, पण हे पत्र वहिनीही वाचणार आणि त्यांनी जन्मात कधी ओसरी उघडलेली नाही, म्हणून मुळापासून लिहितो. वहिनी, ओसरी म्हणजे फोनमधली गप्पांची जागा. ठाण्याच्या चार पोरांनी काढलेली. सुरुवातीला तिथे पाणी कधी येणार, कुठल्या दवाखान्यात रक्त हवंय, एमआयडीसीतून आज कसला वास सुटलाय, असल्या कामाच्या गोष्टी असत. तुमच्या ऑपरेशनला रक्ताच्या बाटल्या लागल्या तेव्हा धोंडीबाने दुपारी ओसरीवर लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत इतकी माणसं आली की ब्लड बँकेच्या बाईंनी हात जोडून काहींना परत पाठवलं. हे मी विसरलेलो नाही. ओसरीला शिव्या देताना हे आधी मनात येतं आणि शिवी अर्धीच राहते.

तर मोहन्याची कंपनी बंद झाल्यावर आपली स्पिनिंग खात्याची मंडळी पांगली ती या ओसरीवर पुन्हा जमली. हजेरीची कल्पना रघुची. कंपनीत टाइम ऑफिसला होता, भोंगा गेला तरी याची सवय गेली नाही. सकाळी सातच्या आत प्रत्येकाने एकच शब्द लिहायचा: हजर. सगळ्यांचा आला की शेवटी रघु लिहिणार, सर्व हजर. कोणाचा नाही आला की रघुचा फोन. धोंडीबा, तूच म्हणाला होतास, ‘हा मेलेल्यालाही फोन करून विचारेल, रजेचा अर्ज कुठाय.’ हसलो आपण. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दिवसातून एकदा कोणीतरी मोजतं, याला किंमत असते. ती किंमत ओसरीच्या जुन्या पोरांना कळत होती की नाही कोण जाणे, पण त्यांनी मोजणीच्या आड कधी काही आणलं नाही.

मग त्यांनी ओसरी विकली. नवा मालक कोण, कुठला, यावर आमच्या घरात तीन मतं आहेत, आणि एकालाही पुरावा नाही. पण त्याने घर घेतल्या घेतल्या आधी भिंती पाडल्या. पूर्वी जे आधी लिहिलं ते आधी दिसायचं. आता ज्याच्यावर लोक चिडतात ते आधी दिसतं, आणि ज्याच्यावर कोणी चिडत नाही ते दिसतच नाही. मागे वारलेले एक कीर्तनकार मध्यंतरी तिथे पुन्हा अवतरून गुडघ्याचं तेल विकत होते. हुबेहूब आवाज, हुबेहूब फेटा. उत्तराने हात जोडले आणि मग तेलही मागवलं. (तेल चांगलं आहे. वहिनींसाठी एक बाटली बाजूला ठेवलीय.)

या सगळ्यात आपला ‘हजर’ गेला. तोच शब्द रोज, त्यात भांडण नाही, म्हणून ओसरीच्या यंत्राने तो कचरा ठरवला. रघु बिचारा सकाळी फोन डोळ्यांशी धरून आपली माणसं शोधायचा आणि त्याला दिसायचं काय, तर कुठल्यातरी दोन पुढाऱ्यांचं एकमेकांच्या आयांवरून चाललेलं. तेव्हा तोडगा तू काढलास. ‘भांडल्याशिवाय दिसत नाही ना? मग भांडू.’ ठरवून भांडायचं, आणि शेवटी हळूच हजर लिहायचं. विषयही तूच दिलास: कंपनीच्या कँटीनमधली बुधवारची उसळ मटकीची होती की चवळीची. आदल्या संध्याकाळी फोनवर आपण दुसऱ्या दिवशीचं भांडण बसवायचो. तू मला काय म्हणणार, मी तुला काय म्हणणार, सगळं पाठ. इतकं मनापासून तर आपण युनियनच्या वेळीही भांडलो नव्हतो. आणि यश काय आलं! दोन्हीकडून माणसं उतरली, प्रत्येक जण उसळीच्या खाली हजर लिहू लागला, आणि रघुने त्या आठवड्यात रोज लिहिलं, सर्व हजर. (त्याला वाटत होतं आपण खरंच भांडतोय. मला खासगीत फोन करून म्हणाला, ‘भाऊ, तू मोठा आहेस, चवळी मान्य कर.’)

पण उघड्या दारात पंगत मांडली की कोण येऊन बसेल ते आपल्या हातात राहत नाही. कुठली कुठली माणसं आली. त्यांना उसळीशी देणंघेणं नव्हतं. भाऊ कोकणातला आणि धोंडीबा माण तालुक्यातला एवढं त्यांना समजलं आणि पुरलं. त्या रात्री त्यांनी तुझ्या गावाबद्दल, तुझ्या बोलण्याबद्दल, तुझ्या आईबद्दल जे लिहिलं ते मी इथे लिहीत नाही. तुझी आई मी पाहिलीय. माझ्या लग्नाला ती डोक्यावर घागरी वाहून वाकलेली मान ताठ करून नऊवारी नेसली होती.

मी त्यातलं काही वाचलं नव्हतं. जेवून झोपलो होतो. आणि सकाळी, ठरल्याप्रमाणे, सातच्या आत, आपण दोघांनी बसवलेलं वाक्य मी टाकलं: धोंडीबाला चव कुठून कळणार, त्याने गावी काय खाल्लंय! आपण फोनवर त्या वाक्याला हसलो होतो. तुलाच ते जास्त आवडलं होतं. पण रात्रभर ती घाण अंगावर घेऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यावर, त्या सगळ्यांच्या शेवटी, मित्राचं हे वाक्य पडलं. पाळी चुकवायची नाही, ही एकच गोष्ट कंपनीने मला शिकवली, आणि ती मी नेमकी त्या दिवशी पाळली.

मी मोहन्याला आलो होतो. वहिनींनी चहा दिला आणि तू गावाला गेल्याचं सांगितलं. गावाला गेलेल्या माणसाचा खोकला आतल्या खोलीतून आला. वहिनींनी मान खाली घातली, मी चहा संपवला. फोन तू उल्हास नदीत टाकलास असंही त्यांनी सांगितलं. (कादंबरी म्हणाली, त्या नदीने आधीच काय कमी सोसलंय.)

आमच्या घरात आता रोज जेवताना हाच वाद असतो: ओसरी सोडायची की नाही. कादंबरी म्हणते, ‘बाबा, ज्या घरात दुर्गंधी येते तिथे राहायचं कशाला?’ संदेश म्हणतो, ‘तुझं माहेर एमआयडीसीला खेटून आहे. वास येतो म्हणून तुझ्या बाबांनी घर सोडलं का?’ यावर कादंबरी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, म्हणजे ओसरीने आमचंही एक भांडण लावलं, तेही फुकट. उत्तराचं मत असं की जागा वाईट नसते, माणसं वाईट नसतात, मधला माणूस वाईट असतो. मी उठून हात धुतो. मला पोरांचं दोघांचंही म्हणणं पटतं. तिथे थांबलो तर आपण त्या चिखलाला आणखी पाणी घालतो, आणि सोडून गेलो तर सकाळी आपल्याला मोजणारं कोणी उरत नाही.

कारण मोजायचं राहिलं, धोंडीबा. आता ते लिहितो, जे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. तू ओसरी सोडलीस त्याच आठवड्यात एका सकाळी रघुचा एक शब्दही आला नाही. (तुझ्याशिवाय ‘सर्व हजर’ तसाही येत नव्हता.) कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांचे फोन आपल्या उसळीने भरलेले होते. मीही वाचत बसलो होतो, तू परत आलास का ते. रघु न्हाणीत पडला होता. शेजारच्या जागृतीला दुसऱ्या दिवशी कडीला तशीच लटकलेली दुधाची पिशवी दिसली तेव्हा दार फोडलं. खुब्याचं हाड मोडलंय, आणि छातीत कफ झालाय. कल्याणच्या दवाखान्यात आहे. मी आणि उत्तरा आळीपाळीने बसतो. तो आपल्याला मोजायचा, त्याला मोजायचं कोणी हे आपण कधी ठरवलंच नव्हतं.

ओसरीचं काय करायचं ते ठरवायला उरलेली मंडळी उद्या, रविवारी सकाळी, आमच्याकडे जमणार आहेत. तुझ्याशिवाय ठरवणं बरं दिसत नाही. येशील तर बरं.

वहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद. तुला काय लिहू ते सुचत नाही, तर ती जागा कोरी सोडतो.

तुझा,
भाऊ

ता. क. : सकाळच्या बैठकीला आला नाहीस तरी चालेल. वर ओसरीबद्दल जे काही लिहिलंय ते न वाचता पाठीमागे रद्दीत टाकलंस तरी चालेल. मला हवंय ते वेगळंच.

रघु समजतो की तू गेलास. सकाळी हजर लिहिलेल्या सगळ्यांची नावं मी त्याला रोज वाचून दाखवतो, त्यात तुझंच नसतं. रजेचा अर्जही नाही. म्हणजे त्याच्या हिशेबात एकच अर्थ उरतो, आणि आम्ही ते त्याच्यापासून लपवतोय अशी त्याची खात्री झालीय. त्याने तुझं सुतक धरलंय. नर्सने डोक्याला तेल लावायला घेतलं तर म्हणाला, ‘नको ताई, घरातला माणूस गेलाय.’ मी कितीही सांगितलं तरी ऐकत नाही. तुझे फोटो दाखवले. संदेश म्हणाला, मोहन्याला जाऊन व्हिडिओ कॉल लावून देतो. रघु म्हणाला, ‘त्यात काय, ते कीर्तनकारबुवाही बोलत होते.’ नव्या मालकाने असं करून ठेवलंय की डोळ्यांनी पाहिलेल्या माणसावरही म्हाताऱ्याचा विश्वास बसेना.

परवा त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि मला म्हणाला, ‘भाऊ, चवळी मान्य केली असतीस तर तो जगला असता.’

दुसरा ता. क. : हे पत्र संदेशच्या हाती पाठवतोय. तोंडाने काही बोलायचं नाही, असं त्याला बजावलंय, कारण तू त्याच्याशी वाद घालशील आणि भेटीची वेळ निघून जाईल. दवाखान्याचं फाटक उद्या दुपारी चारला उघडतं. उत्तराने तुझ्या नावाचा पास काढून ठेवलाय. खुब्याचं ऑपरेशन करायचं की नाही, छाती किती साथ देते ते बघून डॉक्टर सोमवारी ठरवणार आहेत. माणसाला जगायची इच्छा हवी, असं ते दोनदा म्हणाले, दोन्ही वेळा माझ्याकडे बघून.

माझ्याशी बोलू नकोस. तू आत गेलास की मी बाहेरच्या बाकावर बसेन. रघुचे डोळे बहुतेक मिटलेले असतात, आवाजावर त्याचा भरवसा राहिलेला नाही, तेव्हा तो हात लावून बघेल. वॉर्डात एसी फार आहे. आत जाण्याआधी हात जरा चोळून गरम करून घे.