नळाजवळची चिवळ

बाबा, तुमच्या नातवाने काल अंगणात सिमेंटचे गट्टू बसवायला माणसं बोलावली. पावसाळ्यात चिखल होतो, गाडी घसरते, त्याचं म्हणणं खरंच आहे. मी एवढंच म्हटलं की नळाजवळचा तुकडा मातीचा राहू दे, तिथं चिवळ उगवते. तो हसला. बाजारात जुडीनं मिळते, आणून देईन म्हणाला. मग मी तुम्हाला लिहायला बसले.

कामठीच्या घरामागं मोरीचं पाणी जिरायचं, त्या ओलीत चिवळ पसरायची. आई गेल्यावर चूल तुमच्याकडे आली. दिवसभर पॉवरलूमच्या खडखडाटात उभे राहून तुम्ही यायचात, वाढायचात, जेवायचात आणि झोपायचात; शब्द नाही. पण सुट्टीच्या सकाळी उकिडवे बसून चिवळ खुडायला लागलात की बोलू लागायचात. चिवळीत तिच्यासारखंच दिसणारं, खायचं नसलेलं दुधीचं तण उगवतं. "देठ तोडून पाय. दूध निघालं त फेक, पानी निघालं त ठेव." मग त्याच सुरात आईचं काहीबाही निघायचं, ती कशी हसायची, रागावली की कशी भांडी आपटायची. नजर खाली, हात चालू. मी मुद्दाम सावकाश खुडायची. भाजी धुऊन लसूण-मिरचीवर परतली, वर बेसन भुरभुरलं, की तुम्ही पुन्हा गप्प.

माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा इथं मनीषनगरला आलात, तेव्हा आजूबाजूला रिकामे प्लॉटच होते. तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसलात. सासूबाईंच्या प्रत्येक बोलण्याला "हो जी" म्हणालात. मला काहीच विचारलं नाहीत. हात धुवायला अंगणात गेलात ते परत येईनात. बघते तर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात नळाजवळ बसून चिवळ खुडताय. मी पदर खोचून शेजारी बसले.

"तुले करमते का वं इथं?" तुम्ही खालीच बघत विचारलंत.

"करमते, बाबा."

"बरं हाय." एक देठ तोडून पाहिलात, बाजूला टाकलात. "मले नाही करमत."

मी काही बोलणार, तेवढ्यात जेवायला हाक आली. ती चिवळ तुम्ही रुमालात बांधून कामठीला नेलीत, एकट्यासाठी. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. माझं बोलणं राहिलं ते राहिलंच.

आज गट्टू बसले. नळाजवळचा तुकडा मुलाने सोडला, पण का हवा ते विचारलं नाही. मी तिथं चिवळ खुडत बसले. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, काकू, भाजीची फार आवड दिसते तुम्हाला.

हे पत्र कुठं टाकणार? पण एक सांगते, बाबा. चिवळ मला कधीच आवडली नाही. आंबूस लागते, कितीही धुतली तरी दाताखाली माती येते. तुम्हाला वाटायचं, पोरीला आवडते, म्हणून माझ्याच ताटात जास्त वाढायचात. मीही सगळी संपवायची, पुढच्या सुट्टीला पुन्हा खुडायला बसता यावं म्हणून.