हिरव्या झाकणाचा थर्मास

बुधवार, सकाळ

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं, चिमणीचा पांढरा फ्रॉकही मिळाला. आम्ही सगळे इकडे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? जिने चढू नका म्हणावं, आणि तूही त्यांना सारखी वरच्या फळीवरचे डबे काढायला लावू नकोस.

फ्रॉक फार छान झालाय. गळ्याची लेस चिमणीला टोचते, पण मावशीनं लावलीय म्हणून ती कबूल करत नाही. बाप्तिस्म्याला घालायचा म्हणून तो तिनं कपाटात वेगळा टांगून ठेवलाय आणि शाळेतून आली की एकदा दार उघडून बघते. वाढत्या अंगाचा शिवलास, दोन्ही बाजूंना शिलाईत कापड दाबून ठेवलंस, हे बरं केलंस. त्याचं काम पडेल असं दिसतंय.

माझं म्हणशील तर लाँड्रीत बढती मिळाली. मालकीणबाईंनी इस्त्रीवरून उचलून मला डागांच्या टेबलावर बसवलं. पगार तोच, खुर्ची मात्र मिळाली. गिऱ्हाईक सांगतं सरबत आणि निघतं भलतंच. बाकीच्या बायका अजून माझी थट्टा करतात. मॉर्मन झालीस म्हणजे नक्की काय झालीस, चहा सोडलेली बाई? मीही हसते. बाहेरून बघणाऱ्याला आपला धर्म एवढाच दिसत असेल तर त्यांची तरी काय चूक? चार जणी कप घेऊन बसतात, पाचवी गरम पाणी पिते.

तू विचारलंस, ‘त्या रविवारी मी सभेत बोलले ते कसं झालं, तू काहीच कसं कळवलं नाहीस?’ बायका अजून आठवण काढतात का, हेही विचारलंस. काढतात. दुकानात भेटल्या तरी काढतात. त्यावर येते. आधी वाटलं होतं, हे पत्र फ्रॉकपुरतंच लिहावं आणि संपवावं. पण शनिवारची तुमची तिकिटं काढलीयेत असं तू लिहिलंस, तेव्हा गप्प बसून चालणार नाही.

ताई, शनिवारी येऊ नका.

आता कारण सांगते. तुला माहीत नाही असं त्यात फारसं काही नाही, पण तुझ्या बाजूनं ते कसं दिसत असेल याची मला कल्पना आहे. आता जरा माझ्या बाजूनं बघ.

चिमणीचे बाबा कोल्ड स्टोअरेजमध्ये खोकी रचतात. तिथे सगळे येताजाता चहा पितात आणि आपले हे हिरव्या झाकणाच्या थर्मासमधून गरम पाणी. पूर्वी लोक चिडवायचे, नावच पडलं होतं ‘गरमपाणी’. ह्यांना त्याचा राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता. मग गेल्या थंडीत एक दिवस थर्मास धुवायला घेतला आणि त्याला चहाचा वास आला. दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखं गरम पाणी भरून दिलं, संध्याकाळी पुन्हा तोच वास. ते पाणी ओतून देत होते आणि मी ते भरत होते. दोघंही एकमेकांना काही दाखवत नव्हतो, आणि आमचं बरं चाललं होतं.

हे मी तुझ्या स्वयंपाकघरात तुला सांगितलं. तू ताटं पुसत होतीस. सभेत मला पेंग येते, मोठमोठ्या भाषणांतून देव मला कधी भेटला नाही, हे तुला पहिल्यापासून ठाऊक आहे. तो मला त्या सिंकपाशी भेटला. सोडा घालून, लांब ब्रश फिरवून थर्मासचा डाग काढताना मी प्रार्थना करायला लागले. ह्यांचा चहा सोडव असंही नाही मागितलं. नुसतं म्हणायचे, आज परत आले, थर्मासही आला, उद्याही येऊ देत. इतकंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की कुणीतरी ऐकतंय. ते सांगताना मला रडू आलं, आणि तू पुसायचं फडकं बाजूला ठेवून म्हणालीस, “किती सुंदर आहे गं हे.”

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तुला एखादी गोष्ट सुंदर वाटली की ती तुझी होते.

तुझी हातोटी मोठी आहे, मी नाकारत नाही. दूध उतू गेलं तरी तुला त्यात बोध सापडतो. अडकलेली चेन, हरवलेलं बटण, वाळत घातलेली चादर, सगळ्यातून तू देवापर्यंत पोचतेस आणि ऐकणाऱ्यांनाही नेतेस. त्या बटणाच्या गोष्टीवर मीही रडले होते. ते बटण कुणाचं होतं, त्या बाईला पुढे काय वाटलं असेल, असा विचार माझ्या मनात तेव्हा आला नाही.

उपासाचा रविवार. आपल्याकडे त्या दिवशी व्यासपीठ मोकळं असतं. ज्याला आतून वाटेल त्यानं उठावं आणि आपली साक्ष द्यावी. आपली, ताई. तू आमच्याकडे पाहुणी आलेली, तू उठलीस तेव्हा मला उलट बरं वाटलं. शेजारच्या बाईला मी कोपरानं खुणावलं सुद्धा, ऐका आता म्हणून. चिमणीचे बाबा त्या दिवशी प्रभुभोजनाच्या टेबलापाशी होते. पावाचे तुकडे त्यांनीच केले होते, आशीर्वादाची प्रार्थनाही त्यांनीच म्हटली होती. तबकं फिरून झाल्यावर ते आमच्याजवळ येऊन बसले होते.

तू म्हणालीस, माझ्या ओळखीची एक बहीण आहे. नाव घेतलं नाहीस, बरोबर. तुझ्या पत्रातही तू ते दोनदा लिहिलंयस, की मी नाव थोडंच घेतलं. पण नवरा थंडीत खोकी रचतो हे सांगितलंस. थर्मास सांगितलास. झाकण हिरवं आहे हेही सांगितलंस, कारण त्यानं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. अगं, प्रार्थनाघराची साफसफाई असते तेव्हा दर वेळी तोच थर्मास खिडकीत उभा असतो, आणि हे सगळ्यांना त्यातलं पाणी देतात! लोकांना चित्र उभं करायची गरजच नव्हती.

मी मान खाली घातली. वाटलं, संपेल. तेवढ्यात चिमणी, आपल्या मते अगदी हळू आवाजात, म्हणाली, “आई, आपला पण थर्मास तसाच आहे.”

पुढच्या दोन रांगांनी ऐकलं. कुणी वळून बघितलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. तू डोळे पुसत होतीस. बायकाही पुसत होत्या. ह्यांनी चिमणीच्या मांडीवरचं गाण्याचं पुस्तक उचललं, पुढच्या गाण्याचं पान काढून तिच्या हातात दिलं आणि शेवटपर्यंत गायले. सभा संपल्यावर नेहमीसारख्या खुर्च्या दुमडून ठेवल्या. तुला बसपर्यंत सोडायला आले, तुझी पिशवी उचलली, तेही तुला आठवत असेल. तू बसमधून त्यांना म्हणालीस, देव तुमचं भलं करो.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. मला वाटलं होतं ते चिडतील, आरडाओरडा करतील. मग मी सांगू शकले असते की मला राग नव्हता, लाजही वाटत नव्हती. ते चिडले नाहीत. म्हणाले, “मला नाही बोललीस. तिला बोललीस.”

 

मी विचारलं, मुळात चहा सुरू का केला. आपल्या बायकांनी त्यावर केवढे तर्क लढवले असतील, श्रद्धा ढळली, संगत लागली. ते म्हणाले, थंडी वाजत होती. एवढंच. एक दिवस पाणी गार झालं होतं, बोटं वळेनात, शेजारच्या हमालानं कप पुढे केला आणि ह्यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी नाही म्हणायला जमलं नाही.

तेव्हापासून थर्मास मी भरायचा नाही, असं त्यांनी सांगितलंय. तो रिकामा जातो आणि धुतलेला परत येतो. तिथल्याच नळावर धुतात. मी ओट्याशी उभी राहते आणि माझ्या हाताला काही काम नसतं. प्रार्थना करून बघितली, गुडघ्यावर बसून, जशी शिकवलीय तशी. तोंडातून तुझंच भाषण बाहेर यायला लागलं. माझेच शब्द, पण तुझ्या आवाजात. मी उठले, परत बसले नाही. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले. माझा केसानं गळा कापला गेलाय ताई, आणि कापणाऱ्याला वाटतंय आपण वेणी घालत होतो.

आमचे बिशप चांगले आहेत. आठवडाभर चष्मे विकतात, त्यामुळे समोरच्याला स्पष्ट दिसेपर्यंत थांबायची त्यांना सवय आहे. हे स्वतःहून त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. बिशप म्हणाले, चहा म्हणजे काही डोंगर नाही, सावकाश उतरू. पण या शनिवारी बापानं स्वतः लेकीला बाप्तिस्मा द्यायला पाण्यात उतरायचं तर मन आधी स्वच्छ हवं. एवढ्यात ते जमणार नसेल तर दुसऱ्या कुणालाही सांगता येईल. हे म्हणाले, चहा सोडेन, पण लोक बघतायत म्हणून नाही सोडणार. मला ते पटलं. पटलं म्हणून आणखी रडू आलं.

आणि त्यावर तुझं पत्र. तुला कुणाकडून कळलं ते विचारत नाही, तुझ्याकडे बातम्या पायानं चालत येतात. तू लिहितेस, काळजी करू नकोस, बाप्तिस्मा आमचे हे देतील, गुडघा दुखला तरी पाण्यात उभे राहतील, मुलीचा दिवस वाया जाता कामा नये. भावोजींचं मन मोठं आहे, माझे त्यांना नमस्कार सांग. पण तुला दिसत नाही का गं? आधी तू ह्यांची झाकली मूठ भर सभेत उघडलीस. आता त्या हातातली मुलगी सुद्धा काढून घेतेस, आणि तीही मदत म्हणून. उद्या याचीही एखादी गोष्ट होईल. एक मावशी होती, एक पांढरा फ्रॉक होता.

आम्ही चिमणीलाच विचारलं. तिला एवढंच सांगितलं की बाबांची तयारी झालेली नाही, काकांना बोलावू का. तिनं विचार केला. मग विचारलं, बाप्तिस्मा तर आठव्या वर्षी असतो, बाबांची तयारी होईपर्यंत मी नऊ वर्षांची झाले तर? नऊ चालतं का? बिशपना फोन लावून तिनं स्वतः खात्री करून घेतली. चालतं म्हणाले. फोन ठेवून ती म्हणाली, “मग बाबाच,” आणि खेळायला गेली.

म्हणून शनिवार रद्द. फ्रॉक तिच्या कपाटात राहील, लागेल तेव्हा बाजूच्या शिलाया मी उसवीन. तिकिटं परत करा.

लहानपणीही तुझ्या तोंडात तीळ भिजत नसे, पण तेव्हा नुसता मार मिळायचा. तू माझं वाईट चिंतलंस असं मी कधीच म्हणणार नाही. तुझं माझ्यावर प्रेम आहे, ते खोटं नाही. तू मला हात धरून या धर्मात आणलंस, माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी माझे ओले केस तूच पुसलेस. म्हणून तर इतकं लागलं. परक्या बाईनं केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी हे आले आणि थर्मास ओट्यावर ठेवला. म्हणाले, आज धुवायचा राहिला. झाकण काढलं तर तळाशी घोटभर चहा होता. धुवायचा राहिला, की ठेवला, हे मी विचारलं नाही. ते बाहेर जाऊन चिमणीच्या सायकलची साखळी बसवत बसले. मी सोडा काढला, ब्रश घेतला आणि थर्मास धुतला.

धुताना मी काय म्हटलं, काही म्हटलं की नाही, ते तुला सांगणार नाही.

आता उत्तर लिहिशील. क्षमा मागशील, ती तुला छान मागता येते, वाचणाऱ्याला रडू येईल अशी. ती नको. मला तुझी एक गोष्ट लिही. दुधाची नको, बटणाची नको, दुसऱ्या कुणाची नको. तुझी, जी तू व्यासपीठावरून कधी सांगितली नाहीस, भावोजींनाही नाही. सुंदर नसली तरी चालेल. ती आली की मी वाचीन, घडी घालीन आणि माझ्यापाशी ठेवीन. लोक विचारतील, ताईचं पत्र आलं का. मी म्हणेन, हो, मजेत आहे.

ती येईपर्यंत तू येऊ नकोस.

अजून तुझीच,
धाकटी