किसणीखालचा खर्च

ती. वन्सं यांस,

दूध उतू गेलं होतं आणि मी शेगडी पुसता पुसता शेगडीशीच बोलत होते, की बाई, एका माणसाचं दूध ते केवढं, तेवढंही तुला सांभाळता येऊ नये? मग फडकं धुतलं, पिळलं, गॅलरीत वाळत टाकलं, झाडाला पाणी घातलं (एकच उरलंय, आणि ते कशाच्या जिवावर उरलंय मला कळत नाही), आणि आता काय करावं म्हणून कोरडा ओटा पुन्हा पुसायला घेतला, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. थांबा, नमस्कार राहिलाच. वाकायला तुम्ही समोर नाही, म्हणून इथून कागदावरच वाकते. गुडघा कसा आहे? जिना उतरताना दुखरा पाय आधी टाकता ना, की जावयांसमोर ताठ उतरता? मी बरी आहे. मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, की दिवसभर करतेस तरी काय. त्याचं उत्तर त्या घंटेपासून सुरू होतं.

दारात सलूनवाले उभे होते, बगलेत फुगलेली पिशवी. (तुम्ही त्यांना पाहिलंय. गावाच्या मिशा कापतात आणि स्वतःची एक बाजू नेहमी लांब.) नोकरी संपल्यावर तुमचे भाऊ आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून गल्लीतल्या लहान दुकानदारांचे कराचे कागद भरून द्यायचे, त्यांतले सलूनवाले सर्वांत जुने. हे गेले त्या दिवशी सलूनवाले शेवटपर्यंत थांबले होते, म्हणजे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मला पाहून तेच गोंधळले. म्हणाले, "वहिनी, हंगाम आला तसे पाय आपले इकडेच वळले. चुकलं माझं. येतो." चौकात करसल्लागार बाईंचं काचेचं कार्यालय आहे, तिकडे जा, एवढंच मला म्हणायचं होतं. पण त्या आठवड्यात शेगडी सोडून कुणाशी बोलणं झालं नव्हतं. तोंडून निघालं, "या की, बसा. चहा टाकते."

बसले, आणि बसले ते नेहमीच्याच खुर्चीवर. आता यांची पद्धत तुम्हाला सांगायला हवी, कारण तुम्ही यायचात सुट्टीत आणि हा सगळा पसारा असायचा हंगामात. हे पावत्यांना टाचणी लावत नसत. माझ्या मांडणीवरून भांडी उचलून आणत आणि टेबलावर पावत्यांचे ढीग करून त्यांवर ठेवत. जागेच्या भाड्यावर खलबत्ता, कारण ते सगळ्यांत जड. दुरुस्तीवर किसणी. येण्याजाण्यावर गाळणी. आणि ज्या पावतीशी सरकारला काही देणंघेणं नाही, ती उलट्या वाटीखाली. (हंगाम संपेपर्यंत मला चहा गाळायला फडकं वापरावं लागे. त्यावरून मी किती भांडले असेन, ते तुम्ही माझ्या पत्रांत वाचलंच आहे.) प्रत्येक पावती हातात धरून हे विचारत, "ही कशाची?" आणि समोरचा माणूस सांगत सुटे. खुर्ची कशी मोडली, कोणावर मोडली, ते गिऱ्हाईक पुन्हा आलं का. एका पावतीला एक गोष्ट. कर त्यातून आपोआप निघे.

मीही भांडी मांडली आणि विचारू लागले. सलूनवाले आरशाची सांगत होते, नळाची सांगत होते, मी हसत होते. माझ्याच हसण्याचा आवाज मला परक्या घरातून आल्यासारखा वाटला. मग फुलांच्या दुकानाची एक पावती निघाली. ही कशाची, मी विचारून बसले. त्यांनी ती परत घ्यायला हात पुढे केला. मग म्हणाले, "राहू द्या वहिनी. दुकान त्या दिवशी बंदच ठेवलं होतं. ती चुकून आली पिशवीत." मी तारीख पाहिली आणि वाटी उलटी केली. दोघांनी थंड झालेला चहा प्यायला.

पुढच्याच दिवशी इस्त्रीवाल्या बाई आल्या. त्यांना सलूनवाल्यांनी सांगितलं, की वहिनींनी काम पुढे चालू ठेवलंय! मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्या तोवर त्यांच्या सुनेच्या गोष्टीपर्यंत पोचल्या होत्या, आणि मधे तोडणं बरं दिसेना. वाटलं, शिकून घेऊ. यांच्या कपाटातली करांची पुस्तकं काढली. तुम्हाला माहीत आहे, शाळा सुटल्यावर मी जे वाचायला शिकले ते पुड्यांच्या कागदांवरून, त्यामुळे कुठल्याही छापील मजकुराला मी भीत नाही. पण ही पुस्तकं म्हणजे, वन्सं, पात्रं अमाप आणि कोणी कुणाशी बोलत नाही. शेवटी ढीग वेगवेगळ्या पाकिटांत भरले, पाकिटांवर आठवणीसाठी भांड्यांची नावं लिहिली आणि गुपचूप चौकातल्या करसल्लागार बाईंकडे नेऊन दिले. फी मी माझ्यातून दिली. (यांनी कुणाकडून घेतली नव्हती, मग मी कोणत्या तोंडाने घेणार?)

त्या बाई हुशार आहेत. मला मावशी म्हणतात आणि टोकनच्या नंबराने बोलावतात. पाकिटांतल्या पावत्या यंत्राखाली धरतात, झालं. कोणाला काही विचारत नाहीत. दोघांचे फोन नंबर मागितले, तेव्हा मी दोन्ही जागी माझाच दिला. म्हटलं, उगाच त्यांना कशाला त्रास. तेव्हापासून माझा फोन वाजू लागला! "प्रिय करदाते" अशी सुरुवात. मला प्रिय म्हणणारं आता दुसरं कोण आहे? मी चष्मा लावून प्रत्येक निरोप वाचत असे, आणि एकदा तर "आपली आभारी आहे, आपणही प्रकृतीला जपावे" असं उत्तरही धाडलं. ते जात नाही म्हणे.

मग एक निरोप आला तो प्रेमाचा नव्हता. कर कार्यालयाने सलूनवाल्यांना विचारलं होतं, की "किसणी" व "खलबत्ता" या शीर्षांखाली दाखवलेल्या खर्चाचा केशकर्तनाच्या व्यवसायाशी असलेला संबंध स्पष्ट करावा, अन्यथा दंड होईल. करसल्लागार बाईंच्या टंकलेखकाने पाकिटांवरचं जसंच्या तसं उतरवलं होतं. मी घाबरून स्वतःच खुलासा लिहायला घेतला: "किसणी ही किसणी नसून दुरुस्ती आहे. खलबत्ता हा माझ्या घरी असून त्याचा सलूनवाल्यांशी काहीही संबंध नाही." हे वाचून करसल्लागार बाई पहिल्यांदाच हसल्या. मग मात्र गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मावशी, मला त्यांना एक फोन करता आला असता ना, तर हे झालंच नसतं. उद्या खरंच दंड बसला तर तो माणूस भरणार, तुम्ही नाही. मला दोघांचे नंबर द्या. मी त्यांच्याशी परस्पर बोलते, तुम्हाला हेलपाटे नकोत."

त्यांनी सुधारित कागद पाठवले, दंड टळला. मी दोघांचे नंबर त्यांना देऊन टाकले आणि सुटले बाई एकदाची. घरातला पसारा गेला, गाळणी जागेवर आली, चहा नीट गाळला जातो. या वयात नसती उठाठेव हवी कशाला! आता दुपारी निवांत वाचते. तेव्हा माझी काळजी करू नका, जावयांना माझा आशीर्वाद सांगा आणि पाय जपून टाका.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद खोटा आहे. नंबर दिले नाहीत. पर्समध्ये सापडत नाहीत असं सांगून उठले. बाईंचं म्हणणं बरोबर आहे, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. पण नंबर दिले, की पुढच्या हंगामात सलूनवाल्यांचे पाय चौकाकडे वळतील. आणि माझ्या घंटेला बोट लावणारं कोणी राहणार नाही. दुसऱ्याच्या दंडावर मी माझं घर भरतं ठेवतेय, असं मनात आलं की घास उतरत नाही. तुम्ही मोठ्या आहात, तुमच्या भावाला तुम्ही माझ्याआधीपासून ओळखत होतात. ते असते तर काय म्हणाले असते, सांगा. लिहून नको. याल का? मी या घरी तुम्हाला बोलावलं असं कधी झालं नाही, बोलावणं नेहमी यांचंच असे. म्हणून आता मी बोलावतेय. गुडघा घेऊन या. आपण दोघी मिळून त्यांच्याबद्दल बोलू. इथे सगळे त्यांच्याबद्दल आवाज खाली करून बोलतात, मला मोठ्याने बोलायचंय.

दुसरी ता. क. पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं, बरंच झालं. आज सकाळी सलूनमध्ये गेले आणि मला करातलं ओ की ठो कळत नाही, हे गिऱ्हाइकांदेखत सांगितलं. सलूनवाले कात्री न थांबवता म्हणाले, "ते पहिल्याच दिवशी कळलं वहिनी. चहा मात्र बरा होता." तिथून चौकात गेले, दोन्ही नंबर स्वच्छ अक्षरात लिहून दिले आणि घरी येऊन पाहुण्यांची गादी उन्हात टाकली.