एकशेवीस बोटं

३ तारीख, सोमवार
अखेर घोडं गंगेत न्हालं! शिकाऊ उमेदवारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यात मी निरीक्षक झाले. नव्या गावी खोलीही झकास मिळालीय. खाली न्हाव्याचं दुकान, त्याचा रेडिओ फुकट. ताईची लेक माझ्याकडेच राहणार. पत्राकामाच्या कारखान्यात मीच तिला शिकायला चिकटवलंय. ताई घाबरत होती. मी म्हटलं, अगं, तपासणी माझीच, काळजी कसली?

६ तारीख, गुरुवार
पहिली तपासणी. भाचीच्याच कारखान्यात. तिला धरून बारा मुलंमुली, पत्रा कापायच्या यंत्रांची धडधड, तरी अपघातवहीत सात वर्षांत एकही नोंद नाही. फॉर्मात त्यासाठी एकच रकाना: एकूण बोटं. कारखान्याचे मिस्त्री म्हणाले, हातच्या काकणाला आरसा कशाला, मोजून घ्या. सगळ्यांनी बाकावर हात पसरले. एकशेवीस. हसू दाबत सही ठोकली.

१३ तारीख, गुरुवार
पुन्हा एकशेवीस. पण दाढीवाल्या एका दांडगटाची करंगळी नाजूक, नखाला गुलाबी रंग. शेजारच्या मुलीच्या करंगळीवर काळे राठ केस. दोघांनीही मान वर केली नाही. मिस्त्रींना विचारलं. बोट गेलं की मापाचं दुसरं लावतो म्हणाले, बेरीज चुकलीय का? आमच्या खात्यातल्या साहेबांना फोन केला, तर तेही म्हणाले, आकडा बरोबर आहे ना? मग सही करा.
केली. लाज वाटते.

१४ तारीख
भाचीला कारखान्यात जाऊ नकोस म्हटलं. मावशी, प्रमाणपत्र बुडेल की, म्हणाली. मी आंघोळीला गेले तेवढ्यात सटकली.

१५ तारीख
तिची उजवी तर्जनी गेली. रक्त नाही, टाका नाही— नुसती जागा सपाट. ती रडतही नाही. ताईला काय तोंड दाखवू?
मिस्त्रींना बजावलं, एकशेएकोणीस लिहिणार, कारखान्याला टाळं लावणार. त्यांनी शांतपणे माझा हात हातात घेतला, पेरं चाचपली. म्हणाले, माप जुळतंय, एकाच घरातला हात.
हिसडा मारून पळत आले.

१६
भाचीला घेऊन दिवसभर कडी लावून बसलेय. दोन कपाटं दाराशी. कोणी आलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटतेय.

१७, सकाळ
भाचीची दहा! दहाच्या दहा! मिठी मारून रडले. मग ताईला फोन करायला गेले— आकडे दाबता येईनात—
माझी नऊ.
डाव्या हाताने लिहितेय. भाची समोर बसलीय, हसतेय. तिची नवी तर्जनी टेबलावर आपोआप फिरतेय, मी लिहिते तेच गिरवतेय— नाही, माझ्या आधी— माझ्याच अक्षरात— आता तिने लिहिलं, मावशीची बाकीची नऊही मापा