हद्दीवरचा माड आणि आजोबांची दोरी

आगाशी,
१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय व्हेरोनिका आत्या,

हद्दीवरचा तो माड शेवटी कोणाचा, पप्पांचा की ॲन्सेल्मकाकांचा, असं तू विचारलं आहेस. मला सांगता येत नाही. (घरातली पहिली पदवीधर, तीही गणिताची, वर वसईला मोजणीच्या ऑफिसात नोकरी, आणि हे उत्तर!) देवाच्या दयेने इकडे सगळे बरे आहेत. पप्पांचा गुडघा बरा, काकांचा दमा बरा. दोघे भाऊ एकमेकांच्या तब्येतीची चौकशी माझ्याकडे करतात, आणि मी सांगू लागले की आपल्याला काय त्याचं असा चेहरा करतात. तुझी कंबर कशी आहे? नाशिकच्या थंडीत जपून राहा.

वाडीची वाटणी आजोबांनी दोरीने केली, हे तुला ठाऊक आहे. विहिरीच्या काठापासून दहा दोऱ्या पप्पांचं, पुढचं काकांचं. मग भावांत भांडण नको म्हणून त्यांनी ती दोरीसुद्धा मधोमध कापून दोघांना अर्धी अर्धी दिली. भांडणाचं मूळ तेच. पप्पांनी आपल्या अर्ध्या दोरीने इतकी वर्षं पाणी ओढलं, ती ताणून लांब झाली. काकांच्या दोरीचं टोक सुटे, ते कापून पुन्हा गाठ मारत, ती आखूड झाली. आता पप्पांच्या दोरीने मोजलं की माड पप्पांचा, काकांच्या दोरीने मोजलं की काकांचा. (हद्दीचा दगड होता. तो कोणीतरी कपडे धुवायला नेला. कोणी, यावर वेगळं भांडण आहे.) माडावरचे नारळ वाळून आपोआप पडतात आणि दोन्ही घरं खिडकीतून बघत बसतात; उचलत कोणी नाही. काका तर कोर्टात दावा लावायला वकिलाकडे निघाले होते. दावा लागला असता तर नाताळचं एकत्र जेवण या जन्मापुरतं संपलंच म्हणायचं. म्हणून मी मध्ये पडले.

आमच्या ऑफिसच्या बॅप्टिस्ट साहेबांनी रविवारपुरता कोन मोजायचा थिओडोलाइट आणि पोलादी टेप दिली. चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी विहीर, वाटेवरचा क्रूस आणि काकांच्या घराचा कोपरा असा त्रिकोण धरला. तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशीला किंचित कमी आली. तशी ती येतेच. पण काका पडले निवृत्त मास्तर. कुंपणापलीकडून म्हणाले, “रोझलीन, माझ्या वर्गात चौथीतल्या पोरालाही एकशे ऐंशी यायचे.” मी समजावलं की प्रत्येक मोजणीत थोडी चूक असतेच; काही यंत्राची, काही डोळ्याची. तेच माप पुन्हा पुन्हा घ्यायचं, कोण किती भरकटतं ते बघायचं, जो जास्त भरकटतो त्याच्यावर विश्वास कमी ठेवायचा आणि उरलेली चूक त्या हिशेबाने सगळ्यांना वाटून द्यायची. वाटून म्हटल्याबरोबर पप्पा घाबरले. म्हणाले, “आता चुकांचीही वाटणी?”

मग चूक दोरीची किती आणि माणसाची किती, हे कळावं म्हणून मी दोऱ्यांची अदलाबदल केली. पप्पांच्या हाती काकांची दोरी, काकांच्या हाती पप्पांची. आत्या, तुझे भाऊ धन्य आहेत. पप्पांनी आखूड दोरी अशी काही ओढली की माड पुन्हा पप्पांचा. काकांनी लांब दोरी इतकी सैल धरली की माड पुन्हा काकांचा. (लबाडी नाही. दोघांनाही आपण रोजच्यासारखंच धरतोय असं मनापासून वाटत होतं.) दोरीपेक्षा माणूस जास्त चुकतो, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं.

सगळा हिशेब जुळवून मी आजोबांच्या मूळ दोरीची लांबी काढली. हद्द माडाशीच येते. पण माझ्या उत्तरात जी चूक असू शकते, ती माडाच्या बुंध्याहून रुंद आहे. हेही मी कागदावर लिहून सही केली. बॅप्टिस्ट साहेब म्हणाले, चूक किती ते लिहितो तोच मोजणीदार. काकांचे वकील म्हणाले, या कागदाचा कोणालाच उपयोग नाही. ते ऐकून काका मला रागवायला तडक आमच्या घरी आले, भांडणानंतर पहिल्यांदाच. आईने चहा ठेवला. काका रागावतच दोन कप प्यायले. पप्पांनी खुर्ची पुढे सरकवली, अर्थात तोंड भिंतीकडे करून.

आईचा तुला आशीर्वाद.

तुझी,
रोझलीन

ता.क. आजोबांनी वाटणीत तुला काहीच दिलं नाही, हे माझ्या हिशेब करताना लक्षात आलं. माड आत्याचा मानला तर चालेल का, असं मी दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांचं उत्तर एकच: “तिचा असला तर असू दे, त्याचा नाही.” तेव्हा नाताळला ये. तुझ्या माडाखाली सगळ्यांना जेवायला बोलावणं हे आता तुझं काम.

आणखी ता.क. काळूरामला माडावर चढवून सगळे नारळ काल उतरवले आणि पोतं तुझ्या नावाने नाशिकच्या एस.टी.वर चढवलं. पोतं ज्या दोरीने बांधलं आहे, ती मधोमध गाठ मारलेली दोरी येताना आणू नकोस. दोघेही अजून आपापली अर्धी घरात शोधत आहेत.